मातकट टकीला: आधी नुसती, मग शेकरमध्ये

‘मातकट’ हा शब्द मराठीत सहसा तक्रारीच्या सुरात येतो. पाणी मातकट लागतंय, बीट मातकट लागतंय, म्हणजे काहीतरी नीट धुतलेलं नाही. पहिल्या पावसानंतरचा वास मात्र आपण मृद्गंध म्हणून छाती भरून घेतो. गंमत अशी की या तिन्ही ठिकाणी नाकाला जाणवणारा मुख्य रेणू एकच आहे, जिओस्मिन. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट असतं की अब्जावधी थेंबांत एखादा थेंब मिसळला तरी ते ओळखतं. कुठे नाक मुरडायचं आणि कुठे कविता करायची, हे आपण ठरवतो.

सिल्व्हर टकीलाचंही, म्हणजे मेक्सिकोत अगावे या घायपातीसारख्या झाडापासून गाळल्या जाणाऱ्या दारूच्या न मुरवलेल्या प्रकाराचंही, असंच होतं. चाखणारी मंडळी एखाद्या बाटलीला ‘अर्दी’, म्हणजे मातकट, म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मालात खोट आहे. बऱ्याचदा उलट असतं. हा मातकटपणा ओळखता आला तर टकीला कशी बनवली गेली ते बरंचसं कळतं, आणि कॉकटेलमध्ये तिच्याशी काय जुळेल तेही.

आधी ‘सिल्व्हर’चं बघू. सिल्व्हर, ब्लांको, प्लाता ही एकाच प्रकाराची नावं. ऊर्ध्वपातन झालं की ही टकीला बाटलीत जाते. टाकीत किंवा पिंपात थांबलीच तर दोन महिन्यांपेक्षा कमी. दोन महिने लाकडात राहिली की ती ‘रेपोसादो’, वर्षभर राहिली की ‘आन्येहो’, आणि तीन वर्षांनंतर ‘एक्स्ट्रा आन्येहो’. लाकूड व्हॅनिला देतं, कॅरॅमल देतं आणि कच्च्या कडा घासून गुळगुळीत करतं. सिल्व्हरला ही सोय नाही. झाड, भट्टी, आंबवणं आणि ऊर्ध्वपातन यांत जे काही बरंवाईट झालं असेल ते सगळं उघड्यावर. म्हणूनच एखादी टकीला बनवणारी डिस्टिलरी जोखायची असेल तर तिची ब्लांको आधी चाखावी, महागडी आन्येहो नंतर.

ही माती येते कुठून?

शेतातून थेट येत नाही, हे आधी सांगून टाकतो. झाड मुळांतून मातीचा वास उचलून तो बाटलीपर्यंत पोचवत नाही. तरीही मेक्सिकोत मातीची चर्चा जोरात असते. टकीला हे नाव वापरण्याचा हक्क १९७४ पासून ठरावीक भूभागापुरता आहे: पूर्ण हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित व तामाउलिपास या चार राज्यांतले काही तालुके. हालिस्कोतच दोन घराणी मानली जातात. एक ‘एल व्हाये’, म्हणजे दरी: टकीला नावाच्याच गावाभोवतीचा, आमातितान आणि एल आरेनालचा पट्टा, ज्वालामुखीच्या पायथ्याची काळपट माती. दुसरं ‘लोस आल्तोस’, म्हणजे उंचावरचा भाग: आरांदास, आतोतोनिल्को, हेसुस मारिया, समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंची आणि लोहामुळे लालभडक झालेली चिकणमाती. पाठ करून ठेवलेलं सूत्र असं की दरीतली टकीला मातकट, मिरमिरीत, झाडपाल्याच्या चवीची. आणि उंचावरची गोडसर, फुलाफळांची.

सूत्र अर्धंच खरं आहे. अनेक डिस्टिलऱ्या दोन्हीकडची अगावे विकत घेतात, त्यामुळे दरीतल्या कारखान्यात डोंगरावरचं पीक शिजत असतं. शेताचा फरक पडतच नाही असं मात्र नाही. ‘ओचो’ हा ब्रँड एकेका शेतातलं पीक वेगळं ठेवतो आणि बाटलीवर शेताचं नाव व वर्ष छापतो. दोन शेतांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर फरक जाणवतो. पण मातकटपणाच्या बाबतीत माझं मत असं की जमिनीपेक्षा हाताचा वाटा मोठा. अगावे कापण्यापासून गाळप्यापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्याला थोडा वाव देतं किंवा त्याची वाट अडवतं.

टकीलासाठी एकच जात चालते, निळी अगावे. मराठीत जिला घायपात म्हणतात ती हिचीच बहीण. ती तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. मग ‘हिमादोर’ नावाचा कापणी करणारा गडी ‘कोआ’ या लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या अवजाराने पानं छाटतो. उरतो तो तीस-चाळीस किलोंचा, कधी त्याहूनही जड गाभा. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव ‘पिन्या’. पानं किती खोल छाटली यावर पहिला फरक पडतो. पानांची हिरवी बुडं गाभ्याला चिकटलेली राहिली तर टकीलात हिरवट, कडवट झाक उतरते. अगदी पांढरा होईपर्यंत तासला तर चव स्वच्छ येते, पण जरा एकसुरी.

कच्ची पिन्या गोड नसते. तिच्यातली साखर लांब साखळ्यांत अडकलेली असते. उष्णतेने त्या साखळ्या तुटतात आणि फ्रुक्टोज मोकळं होतं. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्टीत हे काम वाफेवर दीड-दोन दिवस चालतं. त्या संथ शिजण्यात भाजक्या रताळ्याचा, काकवीचा, किंचित करपलेल्या सालीचा वास तयार होतो. ऑटोक्लेव्ह, म्हणजे प्रचंड प्रेशर कुकर, हेच काही तासांत उरकतो. तिसरी पद्धत डिफ्यूजरची: कच्ची अगावे चिरायची, गरम पाण्याने तिचा रस धुऊन काढायचा आणि साखळ्या सहसा आम्ल वापरून तोडायच्या. साखर पुरेपूर निघते, खर्च वाचतो, पण भाजक्या अगावेचा वास जवळजवळ येतच नाही. मातकटपणा हवा असेल तर अशा टकीलाकडून फार अपेक्षा करू नये.

शिजलेला गाभा चिरडायलाही दोन मार्ग आहेत. रोलरच्या चरकातून काढायचा, किंवा ‘ताओना’खाली रगडायचा. ताओना म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचं टनावारी वजनाचं चाक, गोल खड्ड्यात फिरणारं. ताओना तंतू नुसते पिळत नाही, चेचते. त्यापुढचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चोथा फेकायचा की रसासोबत आंबवणाच्या टाकीत टाकायचा? चोथ्यासकट आंबवलं तर तंतूंमधली चव रसात उतरत राहते आणि पेय जाड, मातकट, मुळांसारखं लागतं. आरांदासमधली ‘एल तेसोरो’ ताओना वापरते आणि चोथ्यासकट आंबवते. डिस्टिलरी उंचावरची आहे, तरी तिच्या ब्लांकोत गोडव्याखाली मातीचा थर सापडतो. वरच्या सूत्राला ते पुरेसं उत्तर आहे.

शेवटचा हात गाळणाऱ्याचा. टकीलाचं ऊर्ध्वपातन किमान दोनदा होतं. दुसऱ्या वेळी आधी निघणारं ‘डोकं’ आणि शेवटी निघणारी ‘शेपूट’ बाजूला काढून मधलं ‘काळीज’ ठेवतात. स्पॅनिशमध्येही कामगार हेच शब्द वापरतात. शेपटीकडचा भाग जड असतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, ओल्या जमिनीसारखा. तो किंचित आत येऊ दिला तर टकीलाला खोली येते, जास्त आला तर ती कुबट होते. ही रेघ कुठे ओढायची ते नाकाने ठरतं, आणि दोन गाळप्यांचं त्यावर एकमत होईलच असं नाही.

रसायनशास्त्रज्ञांनीही हात टेकलेत, तेवढं जाता जाता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात टकीलातले पावणेदोनशे घटक वेगळे ओळखले गेले आणि त्यांतले सर्वांत बलवान पाच वास निवडले गेले. गुलाबासारखा एक, व्हॅनिलाचा एक, असे. ते एकत्र केले, पण टकीला काही तयार झाली नाही.

चाखायची कशी

मीठ चाटा, एका दमात गिळा, लिंबू चोखा, ही पद्धत चव लपवण्यासाठी उत्तम आहे. चव शोधायची असेल तर ती विसरा. फ्रीझरमध्येही ठेवू नका; थंडीत वासाचे रेणू फारसे उडत नाहीत, आणि नाकाला काही मिळालं नाही तर जिभेला कळणार ते फक्त तिखटपणा आणि गारवा.

खोलीच्या तापमानाची २०-३० मिली टकीला पुरते. ग्लास वर निमुळता होणारा असावा. वाइनचा छोटा ग्लास चालतो. नाक एकदम आत खुपसू नका. ग्लास तिरका धरून आधी खालच्या कडेपाशी, मग मध्ये, मग वरच्या कडेपाशी वास घ्या, आणि तोंड किंचित उघडं ठेवा म्हणजे अल्कोहोलचा चरका कमी लागतो. एकाच ग्लासाच्या कडेवर वास बदलत जातात, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते. पहिला घोट फक्त तोंडाला सवय लागावी म्हणून. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, आणि मग नाकाने श्वास सोडा. मातकटपणा बहुतेक या परतीच्या श्वासात भेटतो.

तो नेमका कसा असतो? मी त्याचे तीन-चार पोटप्रकार मनात धरतो. पहिला ओल्या खापराचा: कोऱ्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो तसा, दगडाळ, कोरडा, किंचित खारट. दुसरा मुळांचा: बीट, माती लागलेलं गाजर, भाजलेलं रताळं. तिसरा झाडपाल्याचा: हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्हचं खारं पाणी, ओलं गवत, आणि मागोमाग मिरपुडीची चुणचुण. चौथा अळंबीचा, बुरशीकडे झुकणारा. इथे मात्र सावध राहायचं. पेटीत बंद राहिलेल्या ओल्या कापडाचा वास आला तर तो दोष समजावा, उदार होऊ नये. तसंच नुसती हिरवी, घशाला ओरबाडणारी कच्ची चव म्हणजेही मातकटपणा नव्हे. चांगल्या मातकट टकीलात मातीखाली भाजक्या अगावेचा गोडवा असतोच. तो नसेल तर पायाच नाही.

तो गोडवा सापडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. तळहातावर दोन थेंब घ्या, दोन्ही हात चोळा, अल्कोहोल उडेपर्यंत थांबा आणि मग हुंगा. उरतो तो अगावेचा वास. काहीच उरलं नाही, तर बाटलीबद्दल तेवढं कळलं. ग्लासात चमचाभर पाणी घालून पाहणंही चांगलं, विशेषतः टकीला ४० टक्क्यांहून कडक असेल तेव्हा. नियमानुसार ती ३५ पासून ५५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते.

लेबलवर दोनच गोष्टी आवर्जून बघा. ‘१०० टक्के अगावे’ असं लिहिलेलं असावं. नुसतं ‘टकीला’ लिहिलं असेल तर तिच्यातली ५१ टक्के साखर अगावेची असली तरी कायद्याला पुरतं. बाकीची उसाची वगैरे असते. दुसरा ‘नोम’ क्रमांक, चार आकड्यांचा. तो ब्रँडचा नसून डिस्टिलरीचा असतो. ‘एल तेसोरो’ आणि ‘तापातिओ’ या वेगळ्या नावांच्या बाटल्या, पण दोन्हींवर ११३९ असतो, कारण दोन्ही एकाच छताखाली बनतात. आवडलेल्या बाटलीचा क्रमांक लक्षात ठेवला की तिची भावंडं शोधता येतात. आणि हो, बाटलीत अळी असते ती काही मेस्कालांच्या, म्हणजे अगावेच्याच दुसऱ्या दारूच्या. टकीलात तिचं काम नाही.

शेकरमध्ये काय जुळतं

मातकट चवीला उठाव देणाऱ्या गोष्टी तीन: आंबट, खारट, आणि थोडं कडू. तिला मारणारी गोष्ट एकच, जाड गोडवा. बाटलीबंद सावर मिक्स (तयार आंबट-गोड मिश्रण), व्हॅनिलाचं सिरप, साय असलेली लिक्युअर (गोड मद्य), यांत मातकट टकीला घातली की चिखल होतो. स्वच्छ, सौम्य ब्लांको अशा ठिकाणी निभावून नेते. हिच्याकडून ते होत नाही.

मिठाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित घटक तोच आहे. मीठ कडवटपणा दाबतं, आणि तो बाजूला झाला की त्यामागचा गोडवा व वास पुढे येतो. ग्लासाच्या कडेला मीठ लावायचंच असेल तर अर्ध्या कडेला लावा, म्हणजे पिणाऱ्याला निवड राहते. मला त्यापेक्षा मिठाचं पाणी आवडतं: २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरायचं आणि प्रत्येक कॉकटेलमध्ये दोन-तीन थेंब टाकायचे. पेय खारट लागता कामा नये. थेंब टाकलेलं आणि न टाकलेलं शेजारी ठेवून पाहिलं की पटतं.

सुरुवात मार्गारीटापासून करा, पण ‘टॉमीज’ पद्धतीच्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॉमीज या मेक्सिकन रेस्टॉरंटात हुलिओ बेर्मेहो यांनी १९९० च्या आसपास नेहमीच्या मार्गारीटातून संत्र्याची लिक्युअर काढून टाकली आणि तिच्या जागी अगावेचं सिरप घातलं. ६० मिली टकीला, ३० मिली ताजा लिंबाचा रस, १५ मिली सिरप. बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं, ताज्या बर्फावर गाळायचं. संत्रं नसल्यामुळे मातीवर अत्तर शिंपडल्यासारखं होत नाही. सिरप फार गोड वाटलं तर १० मिलीवर या. हलवताना वितळणारा बर्फही घटकच आहे: तयार पेयात साधारण पाव ते तृतीयांश भाग पाण्याचा असतो. म्हणून ओला, अर्धवट वितळलेला बर्फ शेकरमध्ये घेऊ नये.

पालोमा त्याहून सोपी. मेक्सिकोत रोज प्यायली जाणारी ही चीज आहे: ६० मिली टकीला, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उंच ग्लासात बर्फ, आणि वरून ग्रेपफ्रूट सोडा. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या घराण्यातलं फळ, त्यामुळे कडवटपणा आयताच मिळतो आणि झाडपाल्याच्या प्रकारातल्या टकीलाशी त्याचं चांगलं जमतं. सोडा फार गोड असेल तर ग्रेपफ्रूटचा ताजा रस आणि साधा सोडा निम्मानिम्मा घ्या.

मुळांच्या, बिटाच्या प्रकारातल्या टकीलाला गडद फळ लागतं. ‘एल दियाब्लो’मध्ये ४५ मिली टकीला, १५ मिली क्रेम द कासिस म्हणजे काळ्या करंटची लिक्युअर, १५ मिली लिंबूरस आणि वरून जिंजर बिअर जाते. कासिस गोड आहे, पण त्याच्या तळाला आंबट-तुरटपणा असतो. आलं बाकीचं सांभाळतं. गोडवा नको म्हणालात आणि हे काय, असं कुणी विचारेल. कासिस १५ मिलीच्या पुढे गेलं तर प्रश्न रास्त आहे.

ओल्या खापराच्या प्रकाराला मात्र मी शेकरमध्ये घालत नाही. ५० मिली टकीला, २० मिली फिनो शेरी (स्पेनची कोरडी, कडक वाइन) किंवा ड्राय व्हर्मूथ (वनस्पती मुरवलेली वाइन), ऑरेंज बिटर्सचे, म्हणजे संत्र्याच्या सालीच्या कडू अर्काचे, दोन थेंब, मिठाच्या पाण्याचा एक थेंब. बर्फावर चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं, गार ग्लासात गाळायचं, लिंबाची साल पिळायची. आंबट रस नसलेली पेयं सहसा ढवळतात, कारण हलवल्याने हवेचे बुडबुडे शिरून पेय गढूळ आणि पातळ वाटतं. फिनो शेरी स्वतःच खारट, बदामासारखी कोरडी असते, आणि दोघींच्या मध्ये गोड काहीच नसतं. गर्दीच्या पार्टीत हे देऊ नका, निम्मे ग्लास तसेच परत येतील. दोघं-तिघं शांत बसलेले असतील तेव्हा ठीक.

टकीला गावातल्या ‘ला कापिया’ या छोट्याशा बारमध्ये डॉन हाविएर देल्गादो कोरोना यांनी जन्माला घातलेली ‘बातांगा’ तर इतकी साधी आहे की तिला कृती म्हणायलाही संकोच वाटावा. ग्लासाच्या कडेला मीठ, आत बर्फ, लिंबू, टकीला, वरून कोला. ढवळायचं ते चमच्याने नव्हे, लिंबू कापायच्या मोठ्या सुरीने. सुरीला दिवसभराच्या लिंबाची, मिरचीची चव लागलेली असते, असं सांगतात. कोला गोड असतो हे खरं, पण लिंबू आणि कडेचं मीठ त्याला आवरून धरतं आणि मातकटपणा त्यातूनही डोकं वर काढतो.

आणि हालिस्कोच्या रस्त्यांवर मिळणारं ‘कांतारितो’: संत्रं, ग्रेपफ्रूट आणि लिंबू या तिन्हींचा रस, मीठ, टकीला, वरून ग्रेपफ्रूट सोडा, आणि हे सगळं मातीच्या छोट्या मडक्यात. इथे माती खरोखरच पेयाला लागते. गार पेयाने खापर ओलं होतं, त्याचा वास वर येतो आणि आतल्या टकीलाच्या वासात इतका मिसळतो की कुठला कोणाचा ते सांगता येत नाही. मडकं कोरं असेल तर आधी पाण्यात चांगलं बुडवून ठेवा, नाहीतर पहिला पेग तेच पिऊन टाकतं.